गच्चीवरचं ऊन आणि जाऊबाई

वर्ध्यात राहून अंगाला ऊन कमी पडलं, हे ऐकून मला डॉक्टरीणबाईंसमोरच हसू फुटलं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. हाडं दुखतात म्हणून सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवायला गेले, तर रक्तात व्हिटॅमिन डी जवळजवळ नाहीच. असणार कुठून? स्कूटीवर बसायचं तर तोंडाला स्कार्फ, कोपरापर्यंत हातमोजे, उघडे फक्त डोळे. आमच्या पिपरी मेघे वस्तीतल्या आम्ही सगळ्याच अशा. रस्त्यात सख्खी बहीण भेटली तरी गाडीच्या नंबरावरून ओळखायची.

गोळ्या लिहिता लिहिता डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे कमी असलेल्या बायकांना स्तनाचा कॅन्सर जास्त होतो का, यावर संशोधन चालू आहे, पण पक्कं काही नाही. ‘पक्कं काही नाही’ तेवढं मी सेवाग्रामलाच सोडून आले. मी पडले मास्तरीण. अर्धं कळलं तरी पूर्ण शिकवायची मला खोड.

शाळा सकाळची होती. त्या हिवाळ्यात दुपारी घरी आले की गल्लीतल्या सात-आठ जणींना मी आमच्या गच्चीवर गोळा करायची. समोर तुरीच्या ओल्या शेंगा, त्यांचे सोले, म्हणजे हिरवे दाणे, काढता काढता गप्पा. पहिल्या दिवशी सगळ्या ऊन खायला आल्या त्या स्कार्फ बांधूनच! “कॅन्सर नको असेल तर हात-तोंड उघडं टाका,” मी ठणकावलं.

सगळ्यात पक्की हजेरी शेजारी राहणाऱ्या माझ्या मोठ्या जाऊबाईंची. सर्वांच्या आधी यायच्या, सर्वांच्या नंतर उठायच्या. मला कोण अभिमान!

एके दिवशी बाकीच्या गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “काऊन वं, किती दिवस ऊन घेतलं म्हंजे गाठ जिरते?”

“कसली गाठ?”

“छातीतली. दोन महिने झाले. मी तं रोज बसून राह्यली, पण कमी नाई झाली.”

माझ्या भाषणाच्या भरवशावर या बाईनं दोन महिने काढले होते. मी आधी त्यांच्यावर ओरडले, मग रडले. दुसऱ्या दिवशी शाळेला रजा टाकली आणि त्यांना स्कूटीवर मागे बसवून सेवाग्रामच्या त्याच दवाखान्यात नेलं. गाठीत सुई टोचून तपासणी झाली. रिपोर्ट येईपर्यंत जाऊबाईच मला चहा करून पाजत होत्या.

गाठ साधी निघाली. गच्चीचा प्रकार ऐकून डॉक्टरीणबाईंनी मला चांगलंच झापलं. ऊन हाडांसाठी घ्या, म्हणाल्या, पण गाठ लागली की सरळ इथे यायचं. आनंदानं मला ते झापणंही गोड लागत होतं.

बाहेर आल्यावर जाऊबाई म्हणाल्या, “आता तू बी तपासून घे. तुयी माय याच्यातच गेली ना?”

“मला काय झालंय? मी रोज ऊन घेते की,” मी म्हटलं, आणि बोलता बोलताच माझं मला उमगलं. आई गेल्यापासून त्या तपासणीच्या खोलीची मला धास्ती होती. अख्ख्या गल्लीला मी गच्चीवर बसवलं होतं ते मला स्वतःला त्या खोलीत जावं लागू नये म्हणून.

जाऊबाईंनी माझ्या हातातली पर्स काढून घेतली. “जाय. मी हाय इथंच बसून.”

मी आत गेले.