बारवेत बुडवलेला पाय

आमच्या गावात आजारी पडायचं तर चालत्या पायानं पडावं लागे. दवाखाना तालुक्याला, मोठं इस्पितळ नगरला. काष्टीच्या स्टेशनापर्यंत बैलगाडी, पुढं आगगाडी. तापानं फणफणलेला माणूस गाडीत घालून नेता येई. पण ज्याच्या पायात नारू निघाला त्याला कुठंच नेता येत नसे, आणि उन्हाळा लागला की आमच्याकडे नारूच निघत.

आता नारू कुणी पाहिलेला नसतो, तेव्हा सांगते. पायावर फोड येतो, त्याची आग आग होते. फोड फुटला की आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा डोकावतो. त्याचं टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडा थोडा ओढायचा. घाईनं ओढला आणि आत तुटला, तर पाय सुजून पू होतो, कित्येकजण जन्माचे लंगडे होतात. म्हणून तो पुरता निघेपर्यंत खाट सोडायची नाही.

माझा नारू निघाला तो ऐन फायनलच्या, म्हणजे सातवीच्या परीक्षेच्या तोंडावर. वडील गावच्या शाळेत मास्तर होते. मुलीला फायनलला बसवणार म्हणून गावानं त्यांची भरपूर थट्टा केली होती. ‘मास्तर, पोरीला मामलेदार करता का काय?’ वडील हसून सोडून देत. मी मात्र मनाशी पक्कं केलं होतं की पास व्हायचं आणि मास्तरीण व्हायचं. नाहीतर माझ्यासाठी स्थळं आणायला नातेवाईक टपलेलेच होते. परीक्षा नगरला होती. दशम्या कुठल्या फडक्यात बांधायच्या इथवर आईचा विचार झाला होता. आणि घोट्यावर फोड आला.

नारू ओढायला गल्लीतली एक म्हातारी येई. पाटलांच्या भावकीतली, हात मोठा हलका.

“पोरी, हलू नगंस. तुटला तर पाय जाईल बग,” ती म्हणाली.

वडिलांनी तरी विचारून पाहिलं. गाडीत कडबा घालू, वर गादी टाकू, बैल सावकाश हाकू.

“मास्तर, परीक्षा म्होरल्या सालीबी हाय. ह्यो पाय म्होरल्या साली न्हाई मिळायचा.”

वडिलांनी गाडीचा विषय सोडला. मला तिचं बोलणं पटलं, आणि पटलं म्हणूनच तिचा भयंकर राग आला. परीक्षेला जायच्या दिवशी दुपारी काष्टीकडून गाडीची शिट्टी ऐकू आली. मी भिंतीकडे तोंड केलं आणि काडीला गुंडाळलेल्या त्या किड्याला शिव्या दिल्या. मास्तरांच्या मुलीला येऊ नयेत अशा शिव्या मला येत होत्या.

उन्हं चढली की आग सोसवत नसे. त्यावर गावाचा एकच उपाय होता, बारव. बारव म्हणजे पायऱ्या उतरून जायची दगडी विहीर. आमची बारव परसामागंच होती, त्यामुळं तेवढ्यापुरती म्हातारीची परवानगी होती. आई मला पाठुंगळी घेई, एकेक पायरी चाचपत खाली उतरे आणि पाण्याच्या काठाशी बसवून माझा पाय अलगद आत सोडी. आग थांबे. मी तिच्या खांद्यावर मान टाकून झोपून जाई. आमच्या दोन्ही बाजूंना असेच पाय सोडून बसलेले बायाबाप्ये असत.

त्याच पायऱ्या उतरून सकाळी आई सोवळ्यानं घागर भरी. स्वतः पाण्यात उभं राहून भरलेलं बारवेचं पाणी म्हणजे चोख, असा आमच्याकडे समज. गावकुसाबाहेरच्या वस्तीला बारवेची पायरी उतरायची बंदी होती. ओढ्यापलीकडं त्यांचा आड होता, त्यातून ती माणसं दोरानं पाणी शेंदत.

पाय बरा झाला. पुढल्या उन्हाळ्यापर्यंत मी पुन्हा सगळी पुस्तकं पालथी घातली, फॉर्म भरला. आणि आईच्या गुडघ्याखाली दोन फोड उठले. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. “तू जा, मी बघतो,” वडील म्हणाले, आणि पहिल्याच सकाळी त्यांनी दूध करपवलं, हात भाजून घेतला. आई खाटेवरून “जा गं, जा” म्हणत राहिली. मी गेले नाही. जाववेना, आणि राहवतही नव्हतं. स्थळ घेऊन मंडळी येऊन गेली, तेव्हा चहा मीच केला.

त्याच आठवड्यात सरकारी डॉक्टर फिरतीवर आले. मी घागर घेऊन बारवेवर उभी होते. खाली पाय सोडून बसलेली माणसं पाहून ते जागीच थबकले. मग त्यांनी सगळ्यांना समजेल असं सांगितलं. पाय पाण्यात गेला की किडा आपली पिलं पाण्यात सोडतो. ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात ती जातात आणि वर्षभरानं त्याच्या पायातून बाहेर येतात.

“ओढ्यापलीकडच्या वस्तीत कुणाला नारू आहे?” त्यांनी विचारलं.

“न्हाई बा,” कुणीतरी म्हणालं. “तिकडं न्हाई कुनाला.”

“मग काही दिवस त्या आडाचं पाणी आणा.”

डॉक्टर पुढल्या गावाला गेले, आणि दुसऱ्या सकाळी बाया घागरी घेऊन बारवेच्याच पायऱ्या उतरल्या. मला ओरडावंसं वाटलं. पण मी रिकामी घागर घेऊन ओढ्याकडे वळले, तर आमच्याच गल्लीतल्या दोघी आडव्या आल्या. “मास्तरांची लेक ना तू?” मी मागं फिरले. बारवेचंच पाणी आणलं आणि चार पदरी फडक्यातून गाळून घेतलं.

आईच्या पायाची काडी मी गुंडाळत होते, तेव्हा तिनंच विषय काढला. तिच्या कानावर सगळं गेलं होतं.

“पाय पाण्यात सोडला की तुला झोप लागायची.”

मी काडी सावकाश फिरवत राहिले.

“बरं वाटायचं ना तेव्हा?”

“हो.”

“मग झालं तर.”

थोड्या वेळानं काष्टीकडून गाडीची शिट्टी आली. ती आम्ही दोघींनी ऐकली.

“फार आग होतेय गं,” आई म्हणाली. “मला ने ना बारवेवर.”

मी बादली भरून आणली आणि तिचा पाय आत ठेवला.

“बारवेसारखं गार नाही गं हे.”

तिला पाठुंगळी घेऊन धावत सुटावंसं वाटत होतं. मी तिचा पाय बादलीतच धरून ठेवला.