उसनी दिलेली आई

लिथुआनियातल्या आमच्या गेर्वेलाय गावात दोमुते मावशीचं मरण जितकं व्यवस्थित तयार होतं, तितकं कुणाचं जगणंही नव्हतं. कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात तपकिरी लोकरी झगा, डोक्याचा रुमाल, जपमाळ, दोन मेणबत्त्या आणि कधीही न घातलेले काळे बूट. बूट तिने मुद्दाम एक नंबर मोठे घेतले होते. "मेल्यावर पाय सुजतात म्हणे," ती सांगायची, "आणि तिथून बदलून आणता येत नाहीत." दर वसंतात ती हा सगळा सरंजाम बाहेर काढून दोरीवर उन्हात घाली. दोरीवर तपकिरी झगा हलताना दिसला की गाव समजायचं, हिवाळा संपला आणि दोमुते अजून आहे.

ही सगळी तयारी एवढ्यासाठीच होती, की आईशेजारी निजायचं.

आई गेली तेव्हा मावशी पाच वर्षांची. युद्धानंतरचे दिवस. रानात लपून नव्या राजवटीशी लढणाऱ्या पोरांना भाकरी दिली म्हणून आईला अंगणातच गोळी घातली. बापाने ओकचा क्रॉस रोवला, पण नाव लिहिलं नाही. गोळी घालणारे गावातच होते, नाव दिसलं असतं तर त्यांनी क्रॉसही उपटला असता. पुढे ते लोक गेले, त्यांचं राज्यही गेलं, पण तोवर नाव नसण्याची सवय झाली होती. "लिहून घे की गं," असं कुणी म्हटलं, तर मावशी म्हणे, "कशाला? सगळ्यांना माहीत आहे."

आणि खरंच माहीत होतं. आमच्याकडे कबरीवर गवत उगवलं की जितं माणूस उपाशी ठेवल्याइतकी लाज. वर पांढरी वाळू पसरायची आणि दर शनिवारी दाताळ्याने ओढायची. प्रत्येक घराची ओढ वेगळी. आमच्या घरची नागमोडी, ती माझ्या हाताला कंप आहे म्हणून अधिकच नागमोडी येते. मावशीची म्हणजे फरच्या झाडाची फांदी. मधे एक सरळ रेघ, दोन्ही बाजूंना बारीक तिरप्या. ती फांदी बघितली की नावाची गरजच नव्हती. डावीकडे आई, उजवीकडची अर्धी वाळू मावशीची. ती तिकडेही फांदी काढायची, म्हणजे अंथरूण आधीच घालून ठेवल्यासारखं.

आता विद्मांतासबद्दल सांगायला हवं. हा आमच्या शेजारच्याच गल्लीतला. पूर्वी गायींना कृत्रिम रेतन करायचा. पुढे गावातल्या गायी संपल्या तेव्हा तो अमेरिकेतल्या लिथुआनियन लोकांची मुळं शोधून द्यायला लागला. "धंदा तोच आहे," तो म्हणायचा, "वंशाचाच. फक्त आता उलट्या बाजूने चालतो." त्याची पांढरी मिनीबस उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा यायची. आत पेनसिल्व्हेनियाची, शिकागोची पांढऱ्या बुटांची मंडळी. आजोबा कोळशाच्या खाणीत कामाला गेले होते, आता नातवंडं आजोबांची माती बघायला आली होती.

त्यांना काही तरी दाखवायला हवं ना! त्यामुळे गावात सगळ्यांना काही ना काही काम मिळालं. एका पडक्या कोठाराने आजवर नऊ घराण्यांचं वडिलोपार्जित कोठार म्हणून काम केलं आहे. मी मधमाश्या पाळतो, तर पाहुण्यांसाठी मी सात पिढ्यांचा मधपाळ झालो. माझे वडील ट्रॅक्टर चालवायचे, पण ते विचारतंय कोण. बिटाचं गुलाबी थंड सूप आणि बटाट्याचे गोळे खाऊन माणसं इतकी हळवी होतात की, त्यांना ट्रॅक्टरमध्येही आजोबा दिसतात.

दोमुते मावशी मात्र या नाटक कंपनीची नायिका होती. काम एकच, चुलत बहीण. तिच्या चेहऱ्यात कुठल्याही अमेरिकनाला आपली आजी सापडायची. आणि रडायला तर एक्का. बसचं दार उघडायचा अवकाश, हिच्या डोळ्यांना धार.

"कसं जमतं गं तुला?" मी एकदा विचारलं.

"आई आठवते," ती म्हणाली. "त्यांना काय, रडणं कुणाचंही चालतं."

मग एका जूनमध्ये रे दुल्स्किस आला. ऐंशीच्या पुढचा, खाणकामगाराचा नातू, हातात टोपी, भारी सुटाबुटात. त्याला कोठार नको होतं, मध नको होता. मृत्युशय्येवर बापाने सांगितलं होतं, माझ्या आजीच्या कबरीवर जाऊन ये. तेवढं एकच काम घेऊन तो समुद्र ओलांडून आला होता.

पंचाईत अशी, की दुल्स्किसांच्या कबरी होत्या त्या जुन्या टेकडीवर सामूहिक शेतीच्या काळात मुरघासाचा खड्डा खणला गेला. रेची पणजी गायींच्या चाऱ्यात कधीच मिसळून गेली होती. हे विद्मांतासला माहीत होतं, मला माहीत होतं, साऱ्या गावाला माहीत होतं. पण ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला "तुमची पणजी दुधातून गेली" असं सांगणार कसं?

विद्मांतास दफनभूमीत उभा राहून घाम पुसत होता. सगळ्या दगडांवर नावं. बिननावाची, पण नीट राखलेली अशी कबर एकच. आणि तिच्याशेजारी मावशी, चुलत बहिणीच्या कामावर हजर.

"मावशी," तो आमच्या भाषेत, चेहऱ्यावरचं हसू न हलवता म्हणाला, "दहा मिनिटं तुझी आई देतेस का उसनी?"

"आई म्हणजे काय चाळण आहे, उसनी द्यायला?"

"अगं, रडेल आणि जाईल. बघ त्याच्याकडे, परतीच्या विमानात टिकायचा नाही."

मावशीने रेकडे पाहिलं. टोपी छातीशी धरून तो वाट बघत होता. "जाऊ दे," ती म्हणाली. "एक प्रार्थना जास्तीची मिळेल तिला. प्रार्थनेला कुठे पत्ता लागतो?"

रे गुडघ्यांवर पडला. त्याने वाळूचं चुंबन घेतलं, मुठी भरभरून वाळू छातीशी धरली आणि लहान पोरासारखा हमसून रडला. फांदीची पार वाट लागली. गुडघ्यांचे दोन खोल खळगे वाळूत राहिले. मग त्याने विचारलं, ही कबर इतकी वर्षं राखली कुणी? विद्मांतासने मावशीला पुढे केलं. रेने तिचे दोन्ही हात ओठांना लावले. ती परत निघाल्यावर मला म्हणाली, "माणूस चांगला आहे रे. फार जड आहे, पण चांगला." आणि दाताळं घेऊन खळगे बुजवायला परत गेली.

माणूस चांगला होता हेच तिच्या मुळावर आलं. वाईट असता तर विसरून गेला असता.

पुढच्या वसंतात मावशीचा झगा दोरीवर असतानाच क्रेन आली. चकचकीत काळ्या ग्रॅनाइटची लादी, कबरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. वर पणजीचं नाव, खाली सोनेरी अक्षरांत दुल्स्किस, त्याखाली खुद्द रेचं नाव, जन्मसाल आणि पुढे रेघ. बापाची इच्छा पुरी केली, आता राखेच्या रूपात स्वतःही इथेच यायचं होतं त्याला. ओकचा क्रॉस कामगारांनी कुंपणाला टेकवून ठेवला. सोबत चर्चच्या गळक्या छपरासाठीही त्याने देणगी पाठवली होती.

मावशी विद्मांतासच्या दारात गेली. "काढ ते."

"कसं काढू? कबर आता कागदोपत्री त्यांची आहे."

"आणि माझी आई?"

"तुझ्या आईची कुठे नोंद होती? नावसुद्धा नव्हतं."

"सगळ्यांना माहीत आहे!"

"मग सगळ्यांना विचार," विद्मांतास म्हणाला.

तिने विचारलं. घरोघर जाऊन विचारलं. सगळ्यांना माहीत होतं, आणि सांगायला कुणीही तयार नव्हतं. एक कबर खोटी म्हटली की कोठार खोटं, मध खोटा, मग बस कशाला येईल? पाद्र्याने वर नव्या छपराकडे पाहिलं आणि तिला पूर्ण नावाने हाक मारून म्हणाला, "दोमित्सेले, देवाला माहीत आहे." "देवाची साक्ष ऑफिसात चालत नाही," मावशी म्हणाली. माझ्याकडे आली तेव्हा मी तिला मधाची बरणी दिली. तिने ती टेबलावरच ठेवली आणि गेली.

पण शनिवार आला की ती दाताळं घेऊन जायचीच. ग्रॅनाइटवर लोखंडी दात ओढले की होणारा आवाज अर्ध्या गावाला ऐकू जाई. विद्मांतासने दाताळं काढून घेतलं. "मावशी, ओरखडे पडतात गं!"

ऑगस्टमधल्या चर्चच्या सणाला रे पुन्हा आला, या वेळी चाकाच्या खुर्चीत, ढकलायला मुलगी ब्रेंडा. मावशीला इंग्रजी येत नव्हतं आणि विद्मांतासवर तिचा विश्वास उरला नव्हता, म्हणून तिने आईसाठीचा जगातला सगळ्यात सोपा, दोन्ही भाषांत चालणारा शब्द निवडला. लादीवर हात आपटला, स्वतःच्या छातीवर आपटला आणि ओरडली, "मामा! मामा!"

रेचा बांध फुटला. "हो," तो रडत म्हणाला, "आपल्या सगळ्यांची मामा." हिलाही इथेच जागा हवी, हे त्याला बरोबर कळलं. तेवढंच कळलं. त्याने तिथल्या तिथे ठरवलं की लादीवर चुलत बहिणीचंही नाव घालायचं, दोमित्सेले दुल्स्किस.

"मी रिम्शा घराण्यातली आहे," मावशी म्हणाली.

"आता भाव खाऊ नकोस," विद्मांतास म्हणाला. "जागा मिळतेय ना? मग पाटीवर काय का असेना."

तिने लादीवर पडलेलं पान बोटाने बाजूला सारलं. मग म्हणाली, "घाल. माझ्या आईला वाचता येत नव्हतं. तिला कळायचं नाही."

गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. सगळ्यांचंच भलं झालं होतं. निघताना ब्रेंडाने पर्समधून एक प्लास्टिकची नळी काढली आणि मावशीला त्यात थुंकायला सांगितलं. घराण्याचा नकाशा करायचा होता, कोण कुणाचं किती टक्के. इतके दिवस ज्यांच्या तोंडावर थुंकायचं राहिलं होतं, त्यांच्याकडे बघत मावशीने नळी काठोकाठ भरून दिली.

हिवाळ्यात रे गेला. वसंतात ब्रेंडा त्याची राख घेऊन आली, आणि बरोबर त्या नळीच्या तपासणीचा अहवाल. आम्ही सगळे दफनभूमीत जमलो होतो, मावशी नव्या रुमालात. ब्रेंडा तिच्याकडे बघतही नव्हती. ती बोलत होती, विद्मांतास पांढरा पडत होता. शेवटी तो मावशीकडे वळला.

"मावशी, तपासणीचा निकाल आलाय. तू त्यांच्या नात्यातली नाहीस."

"ते मी केव्हाची सांगतेय!"

"त्या म्हणतात, तू त्यांच्या वडिलांना फसवलंस. कबर त्यांच्या घराण्याची. तुला इथे जागा नाही."

मला वाटलं, आता विद्मांतास खरं बोलेल. ब्रेंडाने त्याला काही विचारलं. त्याने मान खाली घातली, खांदे उडवले आणि मावशीकडे बोट दाखवलं. आपल्यालाही या बाईने फसवलं, हे कळायला भाषा लागत नव्हती.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "हाडं तपासा ना आईची. निकाल लागेल."

मावशी गर्रकन वळली. "आईला उकरायची? एकदा मारली तेवढी पुरे नाही का तुम्हाला?"

आम्ही न बोलण्यात तरबेज झालो होतो. दुपारी कामगाराने मशीन लावून तिचं नाव घासून काढलं. चकचकीत लादीवर तेवढाच एक करडा, आंधळा पट्टा राहिला.

नोव्हेंबरात, मृतांच्या दिवसाच्या तोंडावर, दोमुते मावशी गेली. तपकिरी झगा, रुमाल, सगळं जिथल्या तिथे होतं. बूट बरोबर बसले. पाय खरंच सुजले होते. तिला पेट्रोल पंपामागच्या नव्या दफनभूमीत पुरलं. कुंपणाला टेकलेला तो ओकचा क्रॉस मी उचलून तिच्या उशाशी रोवला. नावाची पाटी करायची का, असा विषय निघाला होता. पण मावशीला ओळखत नाही असा गावात कोण आहे? सगळ्यांना माहीत आहे, असं ठरलं आणि आम्ही घरी गेलो.

तिचं दाताळं मी विद्मांतासकडून मागून आणलं. शनिवारी जातो, वाळू ओढतो. फांदी मला जमत नाही, कंपामुळे वादळात सापडलेलं झाड वाटतं. पण गवत उगवू देत नाही.

परवा जूनच्या पहिल्या शनिवारी गेलो, तर कुंपणापाशी विद्मांतासच्या मिनीबसच्या चाकांचे माग होते. कबरीवर एक विकतचा फुलांचा गुच्छ, त्याला कुठल्याशा परक्या आडनावाची फीत. आणि माझ्या वेड्यावाकड्या फांदीवर, वाळूत, गुडघ्यांचे दोन खोल खळगे.