एका सोड्याचा हिशोब

वर पत्रा चढतोय, खाली तुम्ही उभे. भरवसा कुणाचा धराल, दोराचा की दोर धरणाऱ्याचा? सांगा ना!

ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत साकीनाक्याला माझं छपराच्या पत्र्यांचं दुकान होतं. माल विकायचा, माणसं पाठवून चढवूनही द्यायचा. पत्रे खपायचे, किस्से मात्र साठतच गेले. त्यातले निम्मे आमच्या मुकादमाचे, कणकवलीच्या गंगारामचे.

*

एक कॉन्ट्रॅक्टर आला. अंगात सफारी, तोंडात पान. "गेज बरोबर आहे ना?" म्हणत त्यानं जाडी बघायला पत्र्याच्या कडेवरून सर्रकन बोट फिरवलं. गंगाराम "हां हां" म्हणेपर्यंत रक्ताची धार!

गंगारामनं हळद दाबली, चिंधी बांधली आणि म्हणाला, "गेज बरोबर आसा, सायबानू. आता बोटाकच विचारा!"

*

बबन हा गंगारामचा चेला. गुरूची शिकवण एकच: वारा आला की पत्र्याशी भांडायचं नाही, खाली बसायचं.

बबन डोक्यावर पत्रा घेऊन नाका ओलांडत होता. वारा सुटला. पठ्ठ्या भर रस्त्यात पत्र्याखाली बसला! बसचा ड्रायव्हर ओरडला, "ए, रस्त्यात घर बांधलंस काय रे?"

पत्र्याखालून आवाज, "थांब ना यार, दार बसवायचं राहिलंय!"

मान मोडली नाही, पत्रा वाकला नाही. झकास!

*

विक्रोळीला एका कारखान्याची शेड होती. बबन वरून दोरानं पत्रा ओढत होता, गंगाराम मध्ये परांचीवर, मी खाली. उकाडा मरणाचा. मला दोघांची दया आली. समोरच्या टपरीवाल्याला मी जोरात हाक दिली, "ए, सोडा!"

बबननं दोर सोडला!

पत्रा थेट माझ्या डोक्यावर. गंगारामला बाजूला होता आलं असतं. त्यानं उघड्या हातांनी कड धरली. मी वाचलो, त्याच्या दोन्ही तळहातांना टाके पडले.

दुकानात लागल्या-खुपल्याची एक वही असायची. तिच्यात मी लिहिलं, 'बबनच्या हातून दोर सुटला.' आणि बबनला सुनावलं, "उद्यापासून येऊ नकोस."

पट्ट्या बांधलेले हात छातीशी धरून गंगाराम आला. म्हणाला, "वाचून दाखवा." मी वाचलं.

"शेटानू, बबनान आपल्या मनान दोर सोडूक नाय. 'सोडा' तुमी म्हटलात. हिशोब खरो लिवा!"