बिगर परवान्याचे शिपाई

जिंतूरच्या वर, निजामाच्या हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका होता. तिथला जवान आश्रुबा परवाना पाहिल्याशिवाय कुणाला सोडत नसे. एकदा तर त्यानं नवरदेवाला घोड्यावरून उतरवून मुंडावळ्यासुद्धा तपासल्या. असला खडूस माणूस.

एका उन्हाळ्यात त्याला आव पडू लागली. दवाखान्यातल्या हमीदुल्ला डॉक्टरांनी ती काचेच्या पट्टीवर घेऊन त्यालाच सूक्ष्मदर्शक दुर्बिणीतून दाखवली. पांढरे गोल ठिपके दिसले.

“हे तुझ्या रक्तातले शिपाई,” डॉक्टर म्हणाले. “जंतू मारायला आतड्याच्या भिंतीतून अंग चोरून येतात. भिंत त्यांना फट देते अन् मागून मिटते.”

आश्रुबा भडकला. “माझ्याच पोटात, बिगर परवान्याचे? परत कवा जात्यात?”

“परत जात नाहीत. तिथंच लढून मरतात आणि सकाळी बाहेर पडतात.”



दुसऱ्या दिवशी पहाटे तो तांब्या घेऊन शेतात गेला. उठल्यावर मागं वळला, टोपी सारखी केली आणि टाचा जुळवून कडक सलाम ठोकला.

पलीकडं बांधाआड नाक्याचे दारोगासाहेब बसले होते. त्यांना वाटलं सलाम आपल्यालाच हाय. त्यांनी बसल्या बसल्या तो घेतला.