कालवड अजून लहान आहे

माझ्या लग्नाचं कुणी काढलं की आईचं उत्तर ठरलेलं असायचं, "लहान हाय अजून." अण्णांनी कालवड भरवून गाभण करायचं काढलं तरी तेच. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, रोज एसटीने लोहाऱ्याला जाणारी. कालवड जेमतेम वर्षाची. तिच्या पंगतीला बसवल्याचा मला राग यायचा. पण आई माझ्याच बाजूने बोलत होती, म्हणून गप्प राहायचे.

कालवड पहिल्यांदा माजावर आली आणि दिवसभर हंबरत राहिली. अण्णांना घाई झाली. म्हातारी गाय आटत आलेली, डेअरीला घालायला दूध उरत नव्हतं.

"जनावर सवता सांगतंय की," ते म्हणाले.

आई उसळली. "त्याला काय कळतंय? अंग भरलं न्हाय तिचं. आत वासरू अडलं म्हंजी?"

अण्णा उठून वैरण टाकायला गेले. आईचं लग्न पंधराव्या वर्षी झालेलं. वर्षभरात पहिलं बाळंतपण अडलं, आणि जीपमधून दवाखान्यात नेईपर्यंत बाळ गेलं. माझा थोरला भाऊ तो. घरात त्याचा विषय कुणी काढत नसे, आईही नाही.

जनावरांच्या डॉक्टरांनीही तिचीच री ओढली. "एवढ्यात नको. दीड वर्षाची होऊ द्या, अंगानं भरू द्या."

मग काय विचारता! कालवड अंगानं भरावी म्हणून आईने कंबर कसली. सकाळची पहिली भाकरी तिची, सरकी पेंड तिची. आमच्या गल्लीत दुसरं गाय-वासरू नव्हतं. त्यामुळे सणासुदीला बायका गाईच्या नैवेद्याची ताटं घेऊन आमच्याच दारात यायच्या, आणि आई ती म्हाताऱ्या गाईला ओलांडून कालवडीपुढे ठेवायची. दीड वर्ष झालं तरी तिचं "जरा थांबा" संपेना. माज आला, गेला. पुन्हा आला, गेला. शेपटीच्या मुळाशी चरबीचे गोळे दिसायला लागले.

लस टोचायला आलेले डॉक्टर तिला बघून हसलेच. मग गंभीर झाले. "काकू, ही सुटली की. आता आणखी थांबलात तर चरबीमुळं गाभणच राहायची नाही. घाई वाईट, तसा उशीरही वाईट."

संध्याकाळी आई कालवडीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "म्या भ्याले म्हणून हिला वांझ ठेवू व्हय?"

मी शेजारीच उभी होते. मला रडू आलं. इतकी वर्षं मी तिच्या 'लहान हाय अजून'मागच्या भीतीला हट्ट समजत होते. तिने मात्र डोळे पुसले आणि कामाला लागली. पेंड निम्मी केली, पुरणाची ताटं गोड बोलून परत पाठवली, कालवडीला रोज ओढ्यापर्यंत चालवून आणलं. पुढचा माज दिसला तेव्हा तिनेच हाक मारली, "अवो, डॉक्टरला फोन लावा."

दुसऱ्या खेपेला कालवड गाभण राहिली.

व्याली ती भर दुपारी. आई सकाळपासून गोठ्यातून हलली नव्हती. आधी दोन खुरं दिसली, मग नाक. डॉक्टर पोचायच्या आतच वासरू अलगद खाली आलं. कालवड बावरून पाठ फिरवून उभी राहिली. हे आपलंच आहे हे तिला कळेना. आईने वासराच्या ओल्या अंगावर भुसा आणि मीठ टाकलं, कालवडीचं तोंड धरून खाली वळवलं. "चाट गं बाई, तुजंच हाय."

ती हुंगत राहिली. मग चाटायला लागली. वासराने कान झाडले.

आई तिथंच शेणात फतकल मारून बसली. "अवो," ती अण्णांना म्हणाली, "जितं हाय."

"व्हय," म्हणत अण्णा खाली वाकले आणि तिच्याशेजारी बसले.

"ह्या बारीला आपण थांबलो," ती म्हणाली. "म्हणून जितं हाय."