तिसरी केस

२०१६ साल. मी तेव्हा एकसष्ट वर्षांचा. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात जन्मभर पोती उचलून नुकताच घरी बसलो होतो आणि त्याच वर्षी डॉक्टर व्हायला निघालो होतो. शिक्षण चौथी. लोक हसले. हसू दे.

ह्याचं मूळ जुईनगरच्या एका म्हाताऱ्या होमिओपॅथीवाल्या डॉक्टरात आहे. कंबर धरली म्हणून मी त्याच्याकडं गेलो होतो. त्यानं कंबरेला हातसुद्धा लावला नाही. अर्धा तास नुसतं विचारत बसला. राग आल्यावर काय होतं? तहान कशी लागते? शेवटी म्हणाला, "स्वप्नं कसली पडतात?" हमालाला कुणी असलं विचारत नाही. मी म्हणालो, "पोती पडतात, अंगावर." तो हसला नाही, ते त्यानं कागदावर लिहून घेतलं. कंबरदुखी गोळ्यांनी थांबली का काम सुटल्यानं, ते सांगता येत नाही. पण बाहेर पडताना ठरवलं, हे काम मला करायचंय.

पेपरात जाहिरात सापडली. घरबसल्या होमिओपॅथी, मराठीतून, वयाची अट नाही, शिक्षणाची अट नाही. कुरियरनं पुस्तकं आली. मी ओळीखाली बोट ठेवून मोठ्यानं वाचायचो आणि आमची मालकीण, म्हणजे बायको, भाकरी थापता थापता ऐकायची. ती शाळेत एक दिवस गेलेली नव्हती, पण औषधांची नावं तिला माझ्या आधी पाठ व्हायची. मुलगा तळोज्याला कंपनीत. शिफ्टवरून आला की म्हणायचा, "आण्णा, कशाला टेन्शन घेता? टीव्ही बघा गप." त्यावर तिचं उत्तर ठरलेलं, "तू नको शिकवू. डॉक्टर हायेत ते." खाली भाजीच्या गाडीवर बायका तिला डॉक्टरीणबाई म्हणून चिडवायच्या. ती चिडायची नाही. मलाही ते ऐकायला बरं वाटायचं, हे कबूल.

शेवटच्या परीक्षेला तीन केसी लिहून पाठवायच्या होत्या. खऱ्या माणसाला समोर बसवायचं, छापील प्रश्न एकेक करून विचारायचे आणि उत्तरं लिहायची. दोन झाल्या. तिसरीला माणूस मिळेना. एका दुपारी भांडी घासून ती टेकली, तेव्हा मी म्हणालो, "ये, बस हितं. आज तू पेशंट."

"अगं बया! फी किती घेणार?"

"बस गप. तहान कशी लागते? घोट घोट, का गटागटा?"

"चाळीस वर्सं एका घरात ऱ्हाताय, म्हाईत न्हाई व्हय?"

खरंच माहीत नव्हतं. "घोट घोट," ती म्हणाली. मी लिहिलं.

"खायला काय आवडतं?"

"गरम भाकरी. तव्यावरनं उतरलेली पयली."

"मग खात का न्हाईस?"

"पयली तुमच्या ताटात जाती की."

हेही लिहिलं. पुढचा प्रश्न होता, रडू आल्यावर कुणी समजूत घातलेली आवडते का. "कुणी घातली हाय कवा?" ती म्हणाली आणि हसली. मी मान खाली घालून पुढं सरकलो.

"झोपतीस कुठल्या कुशीवर?"

"उजव्या."

"डाव्या का न्हाई?"

"डाव्या अंगाला गाठ हाय न्हवं. दाबती."

हे तिनं भाकरीचं सांगितलं त्याच सुरात सांगितलं. मी पेन खाली ठेवलं. गाठ कुठं, म्हणून विचारलं. तिनं पदराआड छातीवर हात नेला.

"कधीपासनं?"

"तुमचं पयलं पुस्तक आलं न्हवं, त्याच्या आधीपासनं."

"आणि सांगितलं न्हाईस?"

"बाप्या डॉक्टरला काय दाखवू असलं? तुमी डॉक्टर होतच हुता. म्हटलं, ह्यांचं सर्टिफिकेट येऊ दे, मग ह्यांनाच दाखवू."

मग तिनं हात पुढं केला, प्रसादाला करतात तसा. "द्या आता. झालाच की जवळजवळ."

पुस्तकात गाठीचं पान होतं. मी ते काढलं. त्यात औषधं होती आणि त्यातल्या दोनाच्या बाटल्या माझ्या डब्यातही होत्या. ओळीखाली बोट ठेवलं, पण त्या दिवशी एकही अक्षर लागेना. ती हात पसरून बसलेली.

"ह्याला माझ्या गोळ्या न्हाईत," मी म्हणालो.

"मग कुणाच्या?"

"खऱ्या डॉक्टरच्या."

तिनं हात मागं घेतला. "असं काय म्हणताय, अवो," एवढंच बोलली आणि चहा टाकायला उठली.

पुढची दिवाळी तिनं केली. त्याच्या पुढची घरात झाली नाही.

मी पास झालो. तिसरी केस सोसायटीच्या वॉचमनच्या पित्तावर लिहून पाठवली, आणि ती आजारी असतानाच सर्टिफिकेट आलं. सोनेरी काठाचं होतं. खाली बारीक अक्षरात होतं, की ह्यावर दवाखाना टाकता येणार नाही. ती ओळ मी तिला वाचून दाखवली नाही. तिनं त्या कागदावरून पदर फिरवला, धूळ नव्हती तरी. आज ते ट्रंकेत तिच्या लुगड्यांखाली आहे. गोळ्यांचा डबा कुणाला तरी देऊन टाकला. लोक म्हणतात, वर्ष फुकट घालवलंस. मी ऐकून घेत नाही. गोळ्यांचं मला सांगता येत नाही, पण तिला विचारलं ते मीच. फक्त आधी विचारायला पाहिजे होतं, आणि त्याला कुठला कोर्स लागत नव्हता.

गाठ कळली त्या दुपारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. केसपेपरच्या खिडकीवर पोरीनं विचारलं, काय होतंय. मालकीण माझ्या मागनं म्हणाली, "ह्यांनी बघितलंय सगळं. डॉक्टरच हायेत हे."

पोरीनं माझ्या टोपीकडं पाहिलं. "डॉक्टर?"

"न्हाई," मी म्हणालो. "मार्केटात हमाल होतो. बाईमाणूस डॉक्टर कुठं बसतात, तेवढं सांगा." तिनं खोली सांगितली. मी कागद घेतला आणि मालकिणीला घेऊन त्या दाराशी बाकावर बसलो.