वारेमाप पाणी
ओल्या गाळाचा वास आला की बहात्तरच्या दुष्काळातला तो वर्ग आठवतो. सोलापूरच्या कडेला असलेल्या शाळेत मी नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. ‘वारेमाप’ हे विशेषण वाक्यात वापरा, असं मी मुलांना सांगितलं. लग्नातला वारेमाप खर्च, मामाचा वारेमाप थाट, अशी वाक्यं आली. मग कुंभारीहून येणारी एक अबोल मुलगी उठली. “आमच्या हिरीत वारेमाप पानी हाय.” वर्ग हसला, कारण तिच्या वडिलांची विहीर ठणठणीत कोरडी होती, सुरुंग लावून ते ती खोल करत होते. मी म्हटलं, “अगं, खरं वाटेल असं सांग.” “खरंच हाय की, बाई. आण्णा तळाला हायत.” आवाज पाढे म्हणावेत तसा सपाट. हसू थांबलं. ती खाली बसून दप्तर भरू लागली. थोड्या वेळाने तिचे चुलते ओल्या गाळाने माखलेले, सायकलवरून धापा टाकत आले. सकाळच्या सुरुंगानंतर वडील दगड काढायला उतरले, तोच झरा फुटला आणि ते वर आलेच नाहीत. ती भरलेलं दप्तर उचलून चुलत्यांबरोबर गेली. तिला हे कसं कळलं, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. आज निवृत्तीनंतर कबूल करते, पुढे वर्षभर वाक्य सांगायची तिची पाळी आली की मी तिच्या बाकावरच्या शेजारणीला उभं करत असे.